मेलेल्या माणसाचा तक्ता

१

वसंतरावांचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद झालं होतं, आणि ते बंद करायला कुणीतरी पाच किलोचा डंबेल वापरला होता.

वसंतरावांना शोधत दशरथरावांनी तळघरातल्या व्यायामखोलीचं दार ढकललं तेव्हा गुरुवारी दुपारचे पावणेदोन झाले होते. निळ्या चटईवर वसंतराव उताणे पडले होते. डोक्याची डावी बाजू आत गेली होती, जबडा निखळून कानाकडे सरकला होता, चटईवर दोन दात सांडले होते आणि भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. माणूस मारायला पहिला फटका पुरला असता. पुढचे चार-पाच फटके मारणाऱ्यानं स्वतःच्या समाधानासाठी मारले होते.

दशरथराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. मूळचे भुसावळचे, बदलीनं जयपूरला आले ते इथलेच झाले. रुळांवरचे माणसांचे तुकडे त्यांनी गोणपाटात गोळा केले होते, त्यामुळे ते ओरडले नाहीत. पण जानेवारीच्या त्या थंडीत त्यांच्या मानेवर घामाची धार लागली. ती भीतीची नव्हती, इंजेक्शनाची होती. अंगातून अशा वाफा दिवसातून दहादा निघायच्या, आणि प्रेत समोर असो की पंगत, त्या काही वेळकाळ बघत नसत.

वसंतरावांच्या मनगटावर अभ्यासातली नाडी मोजणारी पट्टी होती. संध्याकाळी पोलिसांनी ती वाचली. अकरा वाजून चार मिनिटांनी नाडी एकदम उसळली होती, आणि मग कायमची बसली होती. डंबेल पुसून जागेवर ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी तनयाला धरलं.

२

मालवीय नगरातल्या एका खासगी कर्करोग रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत दोन वर्षं एक अभ्यास चालू होता. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेले चाळीस पुरुष त्यात होते, दशरथराव आणि वसंतराव त्यांतलेच. या रोगाला पुरुषी संप्रेरकावर पोसायची सवय असते, म्हणून ते संप्रेरकच बंद पाडतात. बहुतेकांचं इंजेक्शनानं, एखाद-दुसऱ्याचं वृषणं काढून टाकून. रोग उपाशी मरतो हे खरं, पण माणसाचीही उपासमार होते. दंड सुकतात, हाडं ठिसूळ होतात, छाती सुटते, लघवीवर ताबा राहत नाही. अशा पुरुषाला पायावर उभं कसं ठेवायचं, हे शोधायचं होतं.

त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. निम्मे 'वजनवाले', ते आपापल्या वेळी तळघरात जाऊन डंबेल उचलत. निम्मे 'सल्लेवाले', त्यांना फक्त सल्ला मिळे. सल्लेवाल्यानं व्यायामखोलीत पाऊल ठेवलं तर अभ्यास बाटतो, म्हणून त्यांना खाली उतरायचीच बंदी होती. पुरुषांच्या संकोचाचा मान राखून खाली कॅमेरा मात्र लावला नव्हता. खुन्याची ती सोयच झाली.

तक्ता मात्र सगळ्यांनाच भरावा लागे. लघवी किती वाजता झाली, किती झाली. गळती झाली तर आधी घड्याळ बघायचं, मिनिटासकट वेळ लिहायची, आणि शेजारी कारणाचा नंबर: एक म्हणजे खोकला, दोन शिंक, तीन हसणं, चार वजन उचलणं, पाच म्हणजे संडास गाठेपर्यंत दम न निघणं. तीन नंबर दोन वर्षांत फारसा कुणाला लागला नव्हता. आठवड्याचे तक्ते गोळा करायचं काम गार्डसाहेबांकडे असे. अभ्यासाच्या नोंदी सांभाळणारी तनया ते फायलीला लावी.

दर गुरुवारी बाराला सगळे गोल करून बसत आणि आपापलं रडगाणं मोकळेपणी गात. तिथला नियम एकच होता, इथलं इथेच राहील. दुसरा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत. कुणाची पँट ओली दिसली तर बघायचं नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही.

त्या गुरुवारी वसंतराव गोलात आले नाहीत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आप्पासाहेब हिरवा रुग्णालयाचा पायजमा घालून बसले होते, ओली पँट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाशी. सगळ्यांनी नजर छताला लावली. प्रेत सापडल्यावर हवालदार झडती घेऊ लागला तेव्हा दशरथरावच पुढे झाले. ‘‘भैया, बुजुर्ग हैं, कपड़े ख़राब हो गए हैं, घर जाने दो,’’ म्हणाले. हवालदारानं नाक मुरडलं आणि जाऊ दिलं.

आप्पासाहेब म्हणजे बँकेतले निवृत्त मोठे अधिकारी, इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, एकाहत्तर वर्षांचा ताठ कण्याचा विधुर. शुक्रवारी सकाळी ते स्वतः चालत दशरथरावांच्या दारी आले. ‘‘काल गडबडीत तक्ता राहिला द्यायचा,’’ म्हणाले. दशरथरावांनी तो न वाचताच पिशवीत टाकला. एवढ्या धामधुमीत तक्ता आणून देणारा माणूस जयपुरात दुसरा नाही, असं ते आनंदीला, म्हणजे बायकोला, कौतुकानं म्हणालेही.

दुपारी तनयाची आई विभा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवरच बसली. ‘‘भाऊजी, माझी पोर मुंगी मारत नाही हो! उद्या दोनला कोर्टात उभी करणार म्हणतात. एकदा तुरुंगात गेली की संपली ती.’’

दशरथरावांना मूल नव्हतं. तनयाला त्यांनी खांद्यावर बसवून हवामहल दाखवला होता. त्यांनी मफलर गुंडाळला आणि ठाणं गाठलं.

३

ठाणेदार भंवरसिंह नरूका पूर्वी रेल्वे पोलिसात होता. गार्डसाहेबांना तो ओळखून होता, म्हणून खुर्ची मिळाली. त्यानं टेबलावर एक कागद सरकवला.

‘‘गार्डसाहब, लड़की ने मुर्दे से पेशाब करवा दिया। वो भी शाम साढ़े पाँच बजे।’’

तो वसंतरावांचा तक्ता होता. गुरुवारच्या रकान्यात अकरानंतरच्याही नोंदी होत्या: साडेअकरा, दोन, साडेतीन, साडेपाच. माणूस अकरा वाजून चार मिनिटांनी मेला, आणि त्यानंतर चार वेळा लघवीला जाऊन आला.

गार्डच्या डोळ्याला आणखी एक गोष्ट खुपली. साऱ्या आठवड्याच्या वेळा शून्यावर नाहीतर पाचावर संपत होत्या. खरी गाडी अशी कधी येत नाही, ती सहा-सतराला येते, नऊ-अठ्ठेचाळीसला सुटते. सगळ्या वेळा अशा ठोकळ दिसल्या की समजावं, नोंद खुर्चीत बसून झाली आहे.

तनया कोपऱ्यातल्या बाकावर होती. गालावर पाच बोटं उमटली होती आणि खालचा ओठ फुटून सुजला होता. इथं बाईची चौकशी बाईच करते, एवढाच काय तो कायदा पाळला गेला होता.

‘‘काका, मीच भरला तो,’’ ती म्हणाली. ‘‘वसंतकाका कधीच भरायचे नाहीत. कोरा कागद देऊन हसायचे. अहमदाबादहून तपासणीवाल्या मॅडम गुरुवारीच येणार होत्या, बारा वाजता. म्हणून मी संध्याकाळपर्यंतचं सगळं... मतलब, अंदाजानं भरून टाकलं. साडेदहाला वसंतकाका माझ्या टेबलाशी आले, त्यांनी बघितलं. जोरात ओरडले, मॅडमला सांगतो म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. पण मी मारलं नाही, काका! मी तर रेकॉर्डरूममध्ये बसून बाकीचे तक्ते भरत होते.’’

‘‘एकटीच?’’

‘‘एकटीच.’’

दशरथरावांनी कपाळाला हात लावला. पोरीनं खुनापासून वाचायला जी जागा सांगितली, तिथं बसून ती दुसरा गुन्हा करत होती.

‘‘आणि हा कागद मॅडमना कधी दिलास?’’

‘‘बाराला. सगळ्यांच्या फायलीसोबत.’’

दशरथराव एकदम उठले. वाफ अंगभर फिरली, त्यांनी मफलर ओरबाडून काढला आणि नरूकासमोर जाऊन उभे राहिले. ते सांगू लागले आणि नरूकाची पेन्सिल हळूहळू थांबली. अकराला हिनं माणूस मारला असं धरू. मग बाराला हिला ठाऊक आहे की प्रेत खाली पडलंय, तासाभरात सापडणार. अशी बाई त्याच माणसाची संध्याकाळी साडेपाचची लघवी स्वतःच्या हातानं तपासणीवाल्यांना नेऊन देईल? तिनं तो कागद फाडून खाल्ला असता. तो दिला याचा अर्थ बारा वाजेपर्यंत तिच्या लेखी वसंतराव जिवंत होते. ज्या खोट्या कागदावर तुम्ही तिला धरलंत, तोच तिला सोडवतोय.

नरूकानं कागद पुन्हा फायलीत ठेवला. मग म्हणाला, ‘‘बात में दम है। पर अदालत को दम नहीं, नाम चाहिए। कल दो बजे तक नाम लाइए।’’

४

डॉक्टर निनाद हे अभ्यासाचे प्रमुख. नागपूरच्या आईबापांचा जयपुरात वाढलेला मुलगा, चाळिशीचा. त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. खोटे तक्ते बाहेर आले की त्यांचीच दोन वर्षं बुडणार होती, तेव्हा वसंतरावांचं तोंड बंद करायला त्यांनाही कारण होतंच. पण गुरुवारी नऊ ते बारा ते शस्त्रक्रियेच्या खोलीत होते, आणि सहा जणांसमोर माणसाचं पोट उघडून ठेवून कुणी तळघरात जात नाही.

‘‘काका, स्टडी तर आता गेलीच,’’ ते म्हणाले. ‘‘पण वसंतरावजींचं फार वाईट वाटतं. वरून मस्करी, आतून खूप एकटे होते. त्यांनी इंजेक्शन नाही घेतलं, माहितीये? ऑपरेशनच करून टाका म्हणाले. दोन्ही काढले. हे त्यांनी गोलातसुद्धा नाही सांगितलं. आता गेले ते, म्हणून बोलतोय.’’

‘‘असं ऑपरेशन आणखी कुणाचं झालंय?’’

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. ‘‘जिवंत पेशंटचं कसं सांगू?’’

सांगायची गरज नव्हती. गोलात एकानं ते सांगितलं होतं, मान खाली घालून. ते आप्पासाहेब होते.

संभाजी फौजेतून सुटलेला गडी. शहरातल्या मानसरोवर वस्तीत राहायचा, हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. गेल्याच महिन्यात त्यानं वसंतरावांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं होतं. तो वजनवाला होता, आणि गुरुवारी वसंतरावांच्या आधीची पाळी त्याचीच होती.

‘‘पावणेअकराला मी वर आलो आणि टपरीवर गेलो,’’ तो म्हणाला. ‘‘टपरीवाल्याला विचारा. अन् मला मारायचं असतं तर डंबेल कशाला पायजे? नरडं दाबलं असतं. समोरून! तो डोळे मिटून पडलेला असताना नाय. सुरुवातीलाच ते लघवी धरायचे खालचे स्नायू आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, डोळे मिटूनच करतात ना. अशा वेळी मारणारा भित्रा असतो.’’

‘‘भांडण कशावरून झालं होतं तुमचं?’’

‘‘नकला करायचा हो सगळ्यांच्या. परवा मंडळाच्या तिळगुळालाबी चालूच होतं. मी बाहेर चपला काढत होतो. आत हा खच्ची केलेल्या बैलाची नक्कल करतोय, मान हलवतोय, आन् सगळे लोळतायत. तेवढ्यात आप्पासाहेब दारात आले. जे गप्प झाले सगळे! आप्पासाहेब तसेच मागं फिरले. तिळगूळबी घेतला नाय.’’

दशरथराव तिथूनच उठले. ते घरी आले, पिशवी टेबलावर उपडी केली, आणि सकाळी न वाचलेला कागद बाहेर काढला.

५

आप्पासाहेबांचं अक्षर बँकेच्या खातेवहीसारखं होतं. सहा-बेचाळीस, दोनशे दहा. आठ-एकोणीस, एकशे साठ. एकही वेळ ठोकळ नाही, एकही खाडाखोड नाही. खऱ्या माणसाचा खरा तक्ता.

गुरुवार. गळती, अकरा-चार. कारण, चार.

दशरथरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आप्पासाहेब सल्लेवाले होते. त्यांना तळघराची पायरीसुद्धा मना होती. साडेदहापासून बारापर्यंत वरच्या हॉलमध्ये पेपर वाचत होतो, असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलं होतं. पेपर वाचताना माणूस खोकेल, शिंकेल. पण वजन कसलं उचलेल?

ती प्लास्टिकची पिशवी त्यांना दिसू लागली. पँट ओली होती, पण धुवून ओली झालेली. रक्ताचे डाग बेसिनमध्ये चोळून काढायला एवढी बिनधोक जागा जगात दुसरी नव्हती, कारण इथं कुणी ओल्या पँटकडे बघतच नाही. आणि ती दाराबाहेर काढून दिली कुणी? खुद्द गार्डसाहेबांनी! त्यांना स्वतःचीच शरम वाटली. सकाळी उठून विभाला एक फोन केला, तक्ता खिशात घातला आणि निघाले.

६

‘‘या गार्डसाहेब. आलं घालून चहा टाकतो,’’ आप्पासाहेब म्हणाले. शनिवारचे अकरा वाजले होते. दुसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर लखलखीत होतं. ते ओट्यापाशी लोखंडी बत्त्यानं आलं ठेचू लागले.

दशरथराव स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले. ‘‘आप्पासाहेब, तक्त्यात चार नंबर लिहिलात.’’

बत्ता थांबला. पातेल्यातला चहा वर येऊन खाली बसला.

‘‘लिहिला,’’ आप्पासाहेब म्हणाले.

‘‘पाच लिहिला असतात तर मला कधी कळलं नसतं. रकाना रिकामा ठेवला असतात तरी चाललं असतं.’’

‘‘छत्तीस वर्षं बँकेत काढली, गार्डसाहेब. कागदावर खोटं कसं लिहिणार?’’

‘‘पोलिसांना तर लिहून दिलंत.’’

‘‘ते त्यांनी लिहिलं. मी फक्त सही केली.’’ हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. ‘‘तो डोळे मिटून मोजत होता. सात, आठ... मी डंबेल डोक्यावर उचलला आणि माझी पँट भिजली. त्याही क्षणी मी घड्याळ बघितलं हो! दोन वर्षांची सवय. अकरा-चार. मग हाणला. मग हाणतच राहिलो. त्याचं ते तोंड दिसेनासं होईपर्यंत.’’

‘‘चला माझ्याबरोबर. दोन वाजता तनयाला उभी करतायत.’’

‘‘तिला सोडतील सहा महिन्यांत. तरुण आहे.’’ आप्पासाहेबांचा आवाज चढला. ‘‘मला मात्र भर कोर्टात सांगावं लागेल, का मारलं ते. वकील विचारेल, पेपरात छापून येईल. मंडळातली पोरंसोरं वाचतील. नाही! ते नाही व्हायचं.’’

आणि त्यांनी उकळतं पातेलं उचलून फेकलं. चहा दशरथरावांच्या छातीवरून पोटावर ओघळला, ते किंचाळून मागे सरले, तोवर बत्ता खाली आला होता. त्यांनी हात आडवा घातला. सुकी काटकी मोडावी तसं मनगट मोडलं आणि पंजा भलत्याच बाजूला लोंबू लागला. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्याच्या वेळी दशरथरावांनी डोकं खाली घालून आप्पासाहेबांच्या पोटात घुसवलं. दोघं म्हातारे भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळले. ताटं, पेले, डबे धडाधड कोसळले. आप्पासाहेबांचं डोकं ओट्याच्या कडेवर फुटलं, तरी त्यांनी बत्ता सोडला नाही. ते दशरथरावांच्या छातीवर बसले आणि तो दोन्ही हातांनी वर उचलला. खाली बिऱ्हाडात कुणीतरी ओरडलं, जिन्यात पावलं वाजू लागली.

‘‘तो स्वतःवर हसत होता!’’ दशरथराव जीव खाऊन ओरडले. ‘‘आप्पासाहेब, तो बैल तोच होता!’’

बत्ता वरच राहिला.

‘‘त्याचंही ऑपरेशनच झालं होतं. दोन्ही. डॉक्टरांनी सांगितलं. मी सकाळी विभाला विचारलं, ती तिळगुळाला पहिल्यापासून आत होती. तो म्हणाला, ‘लोकहो, आजपासून मला वसंतराव म्हणू नका, मी आता बैल झालो.’ मग नक्कल केली. तुमचं नाव कुणी काढलं नाही. गोलाबाहेर कुणाला ठाऊकच नाही तुमचं. अध्यक्ष दारात आले म्हणून वात्रटपणा थांबवला, बस्स.’’

आप्पासाहेबांच्या कपाळावरचं रक्त दशरथरावांच्या गालावर ठिबकत होतं. त्यांनी बत्ता बाजूला ठेवला. मग ते छातीवरून उतरले, भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडू लागले. दशरथरावांनाही रडू फुटलं. मनगटाच्या कळेनं म्हणा, इंजेक्शनानं म्हणा, नाहीतर त्या दोन माणसांसाठी म्हणा. त्यातलं एक मेलं होतं आणि दुसरं समोर बसलं होतं.

‘‘मला सांगितलं असतं त्यानं,’’ आप्पासाहेब म्हणाले, ‘‘तर आम्ही दोघं मिळून हसलो असतो.’’

दारात शेजारी गोळा झाले. बायका होत्या, पुरुष होते, मंडळातली दोन माणसंही होती. कुणाला आत यायचा धीर होईना. आप्पासाहेबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठून भिंतीजवळचा फोन उचलला. त्यांनी ठाणेदाराला मागितलं.

‘‘नरूकाजी, उस लड़की को छोड़ दीजिए। वसंतराव को मैंने मारा है।’’ पलीकडून ‘क्यों?’ असं विचारलं गेलं. आप्पासाहेबांनी एकदा दारातल्या माणसांकडे बघितलं, आणि ताठ उभं राहून, जिन्यात खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचंही उत्तर दिलं.